मुलींच्या फोनमधली ॲप्स : काय ठेवावं, काय तपासावं, काय काढावं (वय १२ ते १७)

वहीतलं_पान (धागाकर्ती)

सातवी-आठवीत क्लास लांबचा लागला किंवा दहावीची परीक्षा आटोपली की घरोघरी फोनचा विषय निघतो. मग ‘मुलींसाठी चांगली ॲप्स सुचवा’ अशी विचारणा होते आणि खाली वीस नावं पडतात. वर्षभरात त्यातली निम्मी बदललेली असतात. जे फुकट होतं ते वर्गणीत जातं, जाहिराती वाढतात, नाहीतर साध्या फोटोच्या ॲपमध्ये ‘कम्युनिटी’ नावाचा टॅब उगवतो. म्हणून इथे नावांसोबत कारणंही लिहूया.

माझ्या लेखी पहिली तपासणी ही : या ॲपमधून अनोळखी माणूस मुलीपर्यंत पोचू शकतो का? चित्रकलेचं ॲप असलं, पण त्यात कुणीही कॉमेंट टाकू शकतं, मेसेज करू शकतं, तर ते सोशल मीडियाच झालं. बंदुकांचा खेळ दिसायला वाईट, पण ऑफलाइन असेल तर त्या मानाने निरुपद्रवी. त्यानंतर पैसे आणि माहिती कुठे जाते ते बघायचं. अभ्यास, करमणूक वगैरे वर्गवारी सगळ्यात शेवटी.

इन्स्टॉल करण्याआधी प्ले स्टोअरचं पान पाच मिनिटं वाचावं. नावाखाली ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमधून खरेदी’ असे शब्द असतात. त्याच ओळीत वयाचा शिक्का असतो : ३+, ७+, १२+, १६+, १८+. हा शिक्का मजकुरापुरता असतो. आत गप्पा मारायला कोण येतं, हे त्यातून कळत नाही. खाली ‘डेटा सेफ्टी’ उघडा. कुठली माहिती घेतात, तिसऱ्या कंपनीला देतात का, खातं पुसून मिळतं का, हे तिथे असतं. पण ते ॲपवाल्यानेच भरलेलं असतं, त्यामुळे तिथे कबूल केलेलं खरं धरा, ‘काही घेत नाही’ असं म्हटलं असेल तर परमिशन्सशी ताडून पाहा. रिव्ह्यू ‘नवीन आधी’ लावून एक आणि दोन तारेवाले वाचा. ‘पैसे कटले’, ‘अनोळखी मेसेज येतात’, ‘अपडेटनंतर जाहिराती’ हे शब्द दिसले की पुढे जाऊ नये. पाच तारेवाले वाचण्यात अर्थ नसतो.

---

रानजाई

परमिशन्सबद्दल थोडी भर. सेटिंग्ज → प्रायव्हसी → परमिशन मॅनेजर इथे माइक, कॅमेरा, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स असे गट दिसतात. एकेक ॲप उघडत बसण्यापेक्षा गट उघडून त्यात कोणकोण बसलंय ते पाहणं सोपं. लोकेशनला ‘फक्त ॲप वापरताना’ आणि अँड्रॉइड १२ पासून पुढे ‘अचूक’ बंद करून ‘अंदाजे’. फोटोंना अँड्रॉइड १४ पासून ‘निवडक फोटो’ देता येतात. फोटोवर फुलंपानं लावणाऱ्या ॲपला अख्खी गॅलरी द्यायचं काही कारण नाही.

खरी धोक्याची परवानगी या यादीत नसतेच. ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’, ‘इतर ॲप्सवर दिसणे’ आणि ‘अनोळखी स्रोतांतून ॲप्स टाकणे’ ही चार वेगळ्या ठिकाणी असतात (सेटिंग्जच्या शोधात ‘स्पेशल ॲक्सेस’ टाइप करा). नोटिफिकेशन ॲक्सेस मिळालेलं ॲप आलेला ओटीपी वाचू शकतं. थीम, कीबोर्ड, वॉलपेपर, ‘कोणी प्रोफाइल पाहिलं ते कळवा’ ही मंडळी नेमकं हेच मागतात. आणि कोणी तुमचं इन्स्टा प्रोफाइल पाहिलं ते सांगणारं ॲप खरं असूच शकत नाही, इन्स्टाग्राम ती माहिती बाहेर देतच नाही.

---

तिसरा_मजला

फॅमिली लिंक (पालकांना मुलीचा फोन सांभाळता यावा म्हणून असलेलं ॲप) लावलं की झालं असा समज आहे, म्हणून त्याच्या मर्यादा लिहितो.

चांगलं काय : नवीन ॲपला पालकाची मंजुरी, रोजची वेळ, झोपेची वेळ, ॲपनिहाय वेळ, फोन कुठे आहे ते. गूगलचं, फुकट, जाहिराती नाहीत.

गळतं कुठे : एकदा मंजूर केलेल्या ॲपच्या अपडेटला पुन्हा मंजुरी लागत नाही. म्हणजे आज निरुपद्रवी असलेल्या ॲपमध्ये उद्या चॅट आलं तर तुम्हाला कळणार नाही. वेबसाइटची गाळणी क्रोमपुरती असते. दुसरा ब्राउझर टाकला की गाळणी संपली, म्हणून बाकीचे ब्राउझर मंजूर करू नयेत. कितीतरी ॲप्सच्या पोटात स्वतःचा छोटा ब्राउझर असतो, तिथेही ती चालत नाही. खरेदीची मंजुरी गूगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीलाच लागू, ॲपने थेट यूपीआयवर पैसे मागितले तर नाही. आणि मेसेजमध्ये काय लिहिलंय ते त्यात दिसत नाही, दिसूही नये.

लावताना हमखास राहणारी गोष्ट : फोन, नकाशा आणि गाडीचं वेळापत्रक ही ॲप्स ‘नेहमी चालू’ यादीत टाका. नाहीतर क्लास लांबला, रोजची वेळ संपली आणि नकाशा बंद, असा प्रकार होतो.

आयफोनवर हेच काम स्क्रीन टाइम आणि फॅमिली शेअरिंग करतं. ‘आस्क टू बाय’ १८ च्या आतल्यांना लावता येतं. ‘कम्युनिकेशन सेफ्टी’ नग्न फोटो आला तर तो फोनवरच ओळखून धूसर करते, ती चालू आहे ना पाहून घ्या.

---

आंबटगोड

मुलीला न सांगता तिचे चॅट वाचून दाखवणारी ॲप्स यूट्यूबवर सर्रास सुचवतात. ती कशी आहेत?

---

रानजाई

त्यांच्या वाटेला जाऊ नका. ती प्ले स्टोअरबाहेरून टाकावी लागतात, आधी प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप्स पकडणारी गूगलची तपासणी) बंद करायला सांगतात आणि ॲक्सेसिबिलिटी मागतात. म्हणजे मुलीच्या फोनचं रक्षण करायला त्याचं कुलूपच काढायचं. तिचे चॅट आणि फोटो कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर जमा होतात, आणि तो सर्व्हर फुटला की जी भीती होती तेच होतं. शिवाय मुलीला कळतंच. मग ती मैत्रिणीच्या फोनवरून दुसरं खातं चालवते आणि अडचणीत आली तरी घरी सांगत नाही. देखरेख ठेवायची तर तिला दाखवून ठेवा.

---

खारूताई

भीतीचं खूप झालं, आता मजेचंही लिहू द्या :)

मर्लिन : कॉर्नेल लॅबचं, पक्षी ओळखायचं. फुकट, जाहिरात नाही, चॅट नाही. पहिल्यांदा वायफायवर भारताचं पॅक उतरवून घ्यावं लागतं, ते बऱ्यापैकी जड असतं, पण नंतर नेट लागत नाही. आवाजावरून ओळखायचं तर सकाळी रहदारी सुरू होण्याआधी, फोन स्थिर धरून. आवाजावरून आलेलं नाव हा अंदाज समजावा, पक्षी डोळ्यांनी दिसला की पक्का. ठिकाण हाताने निवडता येतं, लोकेशन द्यायलाच हवं असं नाही.

सीक आणि आयनॅचरलिस्ट : दोन्ही एकाच घरची. झाडं, किडे, फुलपाखरं कॅमेऱ्याने ओळखायची. सीकला खातंच लागत नाही, त्यामुळे लहान मुलींना ते आधी. आयनॅचरलिस्ट १३ नंतर, कारण तिथे नोंद जगाला दिसते, आणि नोंदीबरोबर जागाही. गॅलरीतल्या कुंडीतलं फुलपाखरू टाकलं की घराचा पत्ता नकाशावर! नोंद करताना ‘जिओप्रायव्हसी’ला ‘ऑब्स्क्युअर्ड’ निवडा. मग खूण सुमारे २०-२२ किलोमीटर बाजू असलेल्या चौकोनात कुठेतरी पडते. घर, शाळा, क्लास इथल्या नोंदींना हे न चुकता.

स्केचबुक : चित्रांसाठी. जाहिराती नाहीत, खातं लागत नाही. आयबिसपेंट मुलींमध्ये फार चालतं आणि त्याचे ब्रश खरंच चांगले आहेत, पण फुकट आवृत्तीत काही ब्रश उघडायला जाहिरात पाहावी लागते. छापायचं चित्र असेल तर कॅनव्हास आधीच ए-४ ला २४८० × ३५०८ पिक्सेल घ्यावा. छोट्यावर काढून नंतर ताणलं की रेघा फुटतात. कमी रॅमच्या फोनवर एवढ्या कॅनव्हासला थर थोडेच मिळतात. रेखाटन, रंग, पार्श्वभूमी असे तीन थर पुरतात.

तानपुरा : गाणं शिकणाऱ्या मुलींसाठी. बाई ‘काळी चार’ सांगतात आणि ॲपमध्ये इंग्रजी नावं असतात. काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. स्क्रीन बंद झाली की तानपुरा थांबतो ही तक्रार जवळपास प्रत्येकीची असते. ॲपचा दोष नसतो तो, फोनची बॅटरीबचत ॲप बंद करते. सेटिंग्ज → ॲप्स → तानपुऱ्याचं ॲप → बॅटरी → ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही, त्यामुळे सूर हलका लागतो. साधा छोटा स्पीकर जोडा.

---

तिसरा_मजला

अभ्यासाचं मी थोडक्यात उरकतो. बालभारतीच्या पुस्तकांवरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन होतो आणि त्या धड्याचं साहित्य उघडतं. गणित-विज्ञानाला खान अकॅडमी (फुकट, बिनजाहिरात) आणि जिओजेब्रा. विज्ञानाची प्रात्यक्षिकं फेट सिम्युलेशनवर, ती ब्राउझरमध्येच चालतात.

पाठांतराला अँकीड्रॉइड, म्हणजे एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं. नाव नीट वाचून घ्या, स्टोअरमध्ये मिळत्याजुळत्या नावांची वर्गणीवाली ॲप्स आहेत. अँड्रॉइडवर खरं ॲप फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. मुली हे ॲप महिन्याभरात सोडतात, त्याला कारण आहे. रोज नवी २० कार्डं हे मूळ सेटिंग असतं आणि उजळणीची रांग बघता बघता दीडशे-दोनशेवर जाते. डेक ऑप्शन्समध्ये जाऊन नवी कार्डं ६ ते ८ वर आणा. एका कार्डावर एकच गोष्ट. ‘१८५७ च्या लढ्याची कारणे’ असं कार्ड कधीच पाठ होत नाही.

वह्यांचे फोटो स्कॅन करायला वेगळं ॲप नकोच. गूगल ड्राइव्हमध्ये अधिकचं चिन्ह → स्कॅन. आयफोनवर नोट्समध्ये.

---

आंबटगोड

पाळीची नोंद ठेवायला कोणतं? मुली विचारतात, आणि कॅलेंडरवर लाल टिंब काढणं त्यांना नको असतं.

---

जास्वंद

आधी ॲपचा अंदाज कुठे चुकतो ते. बहुतेक ॲप्स सुरुवातीला २८ दिवसांचं चक्र गृहीत धरतात. पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं २१ ते ४५ दिवस हे चक्र सर्वसाधारण मानलं जातं आणि दर महिन्याला ते बदलूही शकतं. त्यामुळे ॲप ‘पाळी ९ दिवस उशिरा’ असं लाल अक्षरात दाखवतं आणि मुलगी घाबरते. निदान सहा चक्रं नोंदवली जाईपर्यंत त्याच्या भाकिताकडे दुर्लक्ष करायला सांगा, नोटिफिकेशन बंद ठेवा. ‘सेफ दिवस’ दाखवणारा भाग तर या वयात पूर्ण निरुपयोगी आहे. काही ॲप्स चार प्रश्न विचारून ‘पीसीओएसची शक्यता’ (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) सांगतात. ते निदान नव्हे, आणि पुढे गोळ्या किंवा वर्गणी विकायची सोय असते.

डॉक्टरांकडे कधी जायचं? तीन महिने पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांवर गेला, दर एक-दोन तासांनी पॅड भिजतोय, किंवा दुखण्यामुळे शाळा बुडते. अशा वेळी नोंदी कामाला येतात : सुरू झाल्याची तारीख, किती दिवस, जास्त रक्तस्रावाच्या दिवशी किती पॅड, दुखण्याची गोळी घेतली का. एवढंच लिहायचं. मूड, त्वचा, झोप, वजन असे तीस रकाने भरायची गरज नाही.

आता खासगीपणा. फ्लो या प्रसिद्ध ॲपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणारी सरकारी संस्था) कारवाई केली होती. माहिती खासगी ठेवू असं सांगून ती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांकडे जात होती. २०२१ मध्ये तडजोड झाली. म्हणून नोंदी फोनमध्येच ठेवणारं ॲप बघावं. ड्रिप हे तसं आहे : मुक्तस्रोत, खातं नाही, नोंदी फोनवर, ॲपला स्वतःचा पासवर्ड. युकी पण तसंच. आयफोनवर हेल्थमधली सायकल ट्रॅकिंग पुरते. ड्रिप, युकीची गैरसोय एकच, फोन हरवला की नोंदी गेल्या. दोन-तीन महिन्यांनी एक्स्पोर्ट करून फाइल जपून ठेवा.

वजनाच्या ॲप्सबद्दलही इथेच सांगते. कॅलरी मोजणारी ॲप्स मोठ्यांसाठी असतात. मायफिटनेसपालची स्वतःची अटच १८ वर्षांची आहे. वाढीच्या वयात ‘आज १२०० कॅलरी’ असं लक्ष्य मुलीच्या हातात देऊ नये.

---

वहीतलं_पान

जास्वंद, हे नेमकं हवं होतं. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, व्हॉट्सॲप यांची सेटिंग्ज कोणी लिहील का? ‘देऊच नका’ हा प्रतिसाद नको, त्यावर वेगळे शंभर धागे आहेत.

---

निळी_शाई

इन्स्टाग्राम. १३ च्या आत नाहीच. १३ ते १७ साठी ‘टीन अकाउंट’ फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही आलं आहे. खातं आपोआप खासगी, मेसेज फक्त ओळखीच्या जोडलेल्यांकडून, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, तासाभराने ‘आता पुरे’ची आठवण. १६ च्या आतल्या मुलीला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते.

हे सगळं फुसकं ठरतं ते जन्मसालामुळे. मुलीने खातं उघडताना खोटं साल टाकून स्वतःला १८ पूर्ण दाखवलं असेल, तर इन्स्टाग्रामच्या लेखी ती मोठी बाई आणि यातलं काहीच लागू होत नाही. म्हणून सर्वांत आधी अकाउंट्स सेंटर → पर्सनल डिटेल्स → जन्मतारीख. चुकीची असेल तर दुरुस्त करा. ती वारंवार बदलता येत नाही, तेव्हा एकदाच आणि खरी.

खासगी खात्यातही प्रोफाइल फोटो आणि बायो सर्वांना दिसतात. बायोमध्ये शाळा, इयत्ता, जन्मदिवस नको. फोटोत गणवेशावरचा बिल्ला, इमारतीचं नाव, गाडीचा नंबर येतोय का ते बघायला मुलींना शिकवा, त्या हे चटकन पकडतात. आणि दर शनिवारी त्याच क्लासच्या दारातली स्टोरी टाकली की वेळापत्रक जाहीर झालंच.

स्नॅपचॅट. नकाशावर ‘घोस्ट मोड’ चालू ठेवा, म्हणजे ती कुठे आहे ते कुणाला दिसत नाही. मित्र सुचवण्याच्या यादीत (‘क्विक ॲड’ किंवा ‘फाइंड फ्रेंड्स’) दिसणं बंद करा. फॅमिली सेंटर जोडलं तर मागच्या ७ दिवसांत मुलीने कुणाकुणाशी बोलणं केलं ती नावं दिसतात, मजकूर दिसत नाही. मला हा समतोल पटतो. ‘मेसेज गायब होतो’ यावर विश्वास ठेवू नये, समोरचा दुसऱ्या फोनने फोटो काढू शकतो. व्हॉट्सॲपच्या ‘एकदाच पाहा’लाही तेच लागू.

व्हॉट्सॲप. सेटिंग्ज → प्रायव्हसी. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि ‘ग्रुप्स’ या तिन्हींना ‘माझे कॉन्टॅक्ट्स’. ‘अनोळखी कॉल शांत करा’ चालू. अकाउंट → टू स्टेप व्हेरिफिकेशन, सहा आकडी पिन, जन्मतारीख सोडून. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ महिन्यातून एकदा उघडून पाहा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लगेच लॉग आउट. क्लासच्या ग्रुपमध्ये दोनशे जणांना मुलीचा नंबर दिसतो, आणि ‘चुकून मेसेज आला, सॉरी’ अशी सुरुवात बहुधा तिथूनच होते.

---

आंबटगोड

ते निनावी प्रश्न विचारायचं ॲप? स्टोरीला लिंक लावतात ते.

---

निळी_शाई

एनजीएल. नकोच. २०२४ मध्ये अमेरिकेच्या त्याच फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्याकडून ५० लाख डॉलर वसूल केले आणि १८ खालच्यांना ॲप द्यायला मनाई केली. कंपनी स्वतःच खोटे निनावी मेसेज पाठवत होती आणि ‘कोणी पाठवलं ते बघा’ म्हणून पैसे घेत होती, पैसे भरले तरी नाव कळत नव्हतं. या जातीची ॲप्स नाव बदलून येत राहतात. ‘निनावी’ हा शब्द वर्णनात दिसला की पुढचं वाचायचं कारण नाही.

‘एआय मैत्रीण’ प्रकारचंही तेच. कॅरेक्टर एआयने नोव्हेंबर २०२५ पासून १८ खालच्यांना मोकळ्या गप्पा बंद केल्या. अभ्यासाला चॅटजीपीटी वापरत असतील तर सप्टेंबर २०२५ पासून त्यात पालकाचं खातं जोडून शांततेच्या वेळा वगैरे ठरवता येतात. खरं नाव, शाळा, दुखणीखुपणी त्यात टाकू नयेत एवढं सांगून ठेवा.

---

हिशेबनीस

पैशांचं. ‘३ दिवस मोफत’ म्हणणारी फोटो, राशिभविष्य, वॉलपेपर ॲप्स चौथ्या दिवशी आठवड्याला पैसे कापतात. रक्कम छोटी दिसते, तिला ५२ ने गुणा. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, ही चूक सगळेच करतात. प्ले स्टोअर → वर उजवीकडचं गोल चित्र → पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स → सबस्क्रिप्शन्स → कॅन्सल. मग यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) उरलाय का तेही पाहा. पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी ‘अमुक रक्कम कटणार’ असा मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नये. चुकून झालेल्या खरेदीला ४८ तासांच्या आत गूगल प्लेवर रिफंड मागा, नंतर ॲपवाल्याच्या हातापाया पडावं लागतं.

मुलीला खर्चाला पैसे द्यायचे तर स्वतःचा यूपीआय पिन सांगू नका. यूपीआय सर्कल वापरा. तुमच्या खात्यावर तिला ‘दुय्यम’ वापरकर्ती करता येतं. पूर्ण अधिकार दिला तर महिन्याला जास्तीत जास्त ₹१५,००० आणि एका वेळी ₹५,०००, पण तुम्ही मर्यादा ₹५०० सुद्धा ठेवू शकता. अंशतः अधिकारात प्रत्येक व्यवहाराला तुमच्या फोनवर मंजुरी येते. चौदा-पंधराच्या मुलींना मी पहिला प्रकार, छोट्या मर्यादेसह सुचवेन. अंशतःमध्ये तुम्ही मीटिंगमध्ये असलात की ती वडापावच्या गाडीसमोर ताटकळते.

---

पावसाळी

‘वुमन सेफ्टी’ नावाची ॲप्स टाकण्याआधी फोनमध्ये असलेलं चालू करा. बाहेरची ॲप्स ऐनवेळी दगा देतात ते तीन कारणांनी. बॅटरीबचतीने ॲप मारलेलं असतं, एसएमएसचा बॅलन्स नसतो, किंवा लोकेशन बंद असतं.

अँड्रॉइड : सेटिंग्ज → सेफ्टी अँड इमर्जन्सी → इमर्जन्सी एसओएस. पॉवर बटण भराभर पाच वेळा दाबलं की काउंटडाउन सुरू होतं. आयफोनवर भारतात बाजूचं बटण तीनदा दाबून पुरतं. आपत्कालीन संपर्क म्हणून दोघं तरी भरा, आणि त्यातला एकजण दिवसा फोन उचलणारा हवा. सराव करताना काउंटडाउन चालू ठेवून लगेच रद्द करा, ११२ ला खरा कॉल लावून बघू नका. दप्तरात बटण आपोआप दाबलं जाऊन कॉल जातात, म्हणून काउंटडाउन बंद करू नये.

सरकारी ‘११२ इंडिया’ ॲप टाकायचं तर नाव-नंबर आधीच भरून ठेवावं, संकटात रजिस्ट्रेशन होत नाही. रेल्वेत १३९, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ हे नंबर कॉन्टॅक्ट्समध्ये मराठी नावाने सेव्ह करा.

लोकेशन शेअरिंग कायमचं चालू ठेवण्यापेक्षा प्रवासापुरतं. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास, ८ तास असे पर्याय आहेत. गूगल मॅप्समध्ये तासाने वाढवता येतं आणि समोरच्याला बॅटरीही दिसते. मुलीने मित्रांना कायमचं लोकेशन दिलेलं असतं ते कुणी पाहत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मॅप्स → प्रोफाइल → लोकेशन शेअरिंग उघडून यादी साफ करा.

आणखी एक, फारसं माहीत नसलेलं. दप्तरात कुणी ब्लूटूथ टॅग टाकला तर अँड्रॉइडही सांगतो. त्याच सेफ्टी अँड इमर्जन्सीमध्ये ‘अननोन ट्रॅकर अलर्ट्स’ आहे, तिथे ‘स्कॅन’ही करता येतं. टॅग सापडला तर फेकू नका. एअरटॅग (ॲपलचा असा टॅग) एनएफसी (टेकवून माहिती वाचायची सोय) असलेल्या फोनला टेकवला की अनुक्रमांक आणि मालकाच्या नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात. स्क्रीनशॉट घ्या, मग बॅटरी काढा, आणि टॅग घेऊन पोलिसांकडे जा.

---

यारा_काठ

मेलबर्नहून. आमच्याकडे १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब वगैरेंवर खातंच ठेवता येत नाही. व्हॉट्सॲप त्यात नाही, त्यामुळे आजी-आजोबांचे ग्रुप शाबूत! यूट्यूब लॉग इन न करता दिसतं, पण मग मुलीच्या खात्याला लावलेली बंधनं गळून पडतात. तेव्हा टीव्हीवर बघू द्यावं हे बरं. वाचणाऱ्या मुलींसाठी लिबी : वाचनालयाच्या कार्डावर ई-पुस्तकं फुकट, चॅट नाही, मुदत संपली की पुस्तक आपसूक परत. परदेशातल्या मराठी घरांनी आपल्या वाचनालयात ते आहे का विचारावं.

---

रानजाई

एक राहिलं. फोटो पसरवण्याची धमकी आली तर. हे आधीच मुलीला माहीत हवं, त्या रात्री शोधत बसण्यासारखं नाही.

पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही. धमकीचे मेसेज, समोरच्याचं युजरनेम, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. मुलीचा तो फोटो पुरावा म्हणून कुणालाही फॉरवर्ड करू नका, नातेवाइकांनाही नाही. १८ खालच्या मुलीचा असा फोटो पुढे पाठवणं हाच पॉक्सो आणि आयटी कायद्याखाली गुन्हा आहे. फोन जसाच्या तसा पोलिसांना दाखवा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. महिला आणि मुलांच्या प्रकरणात तिथे नाव न देता तक्रार करता येते.

फोटो पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे, अमेरिकेतल्या एनसीएमईसी या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची, पण कुठूनही वापरता येते. फोटो अपलोड होत नाही. फोनवरच त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि तेवढाच इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट वगैरे सहभागी कंपन्यांकडे जातो. फोटो मूळ स्वरूपात जपलेला असावा, कारण क्रॉप केला की ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवरच्या खासगी मेसेजेसपर्यंत मात्र याचा हात पोचत नाही.

---

आंबटगोड

शेवटचा प्रश्न. मुलीला वेगळा फोन नाही, आईचाच दोघी वापरतात. तिथे यातलं काय चालेल?

---

तिसरा_मजला

फॅमिली लिंक इथे कामाचं नाही, आईचं खातं त्यावर असतं. सेटिंग्ज → सिस्टम → ‘मल्टिपल यूजर्स’ आहे का बघा. असेल तर मुलीचं वेगळं प्रोफाइल करा, तिची ॲप्स आणि फोटो वेगळे राहतात. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये हा पर्याय नसतो. तिथे आईने स्वतःचं बँकेचं ॲप आणि यूपीआय ‘सिक्युअर फोल्डर’मध्ये टाकावं. दोन्ही नसेल तर ॲप पिनिंग, म्हणजे फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवणं : सिक्युरिटीमध्ये चालू करायचं, ‘अनपिन करताना पिन विचारा’ला टिक करायचं, मग अभ्यासाचं ॲप पिन करून फोन द्यायचा.

व्हॉट्सॲपवर अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या सिमचं खातं जोडता येतं, पण दोघींचे मेसेज दोघींना दिसतील हे आधी बोलून घ्या. ड्रिपला पासवर्ड लावा, आणि तो मुलीलाच ठरवू द्या.

---

जास्वंद

पासवर्ड विसरली तर ड्रिपमधल्या नोंदी परत मिळत नाहीत, तेव्हा एक्स्पोर्टची फाइल पासवर्ड लावायच्या आधीच काढून ठेवा.